घरात हालचाल आहे

दुपारचा डबा धुऊन ती ऑफिसातल्या आपल्या जागेवर येऊन बसली, तेवढ्यात भावाचा फोन आला. काम काही नव्हतं. तो दुसऱ्या शहरात राहायचा आणि जेवण अंगावर आलं की बहिणीला फोन करायचा, एवढंच. मुलाच्या दातांना तार बसवायचीय, बायकोच्या ऑफिसात नवा साहेब आलाय, असं काय काय सांगत असताना तो मध्येच म्हणाला, "आईकडे सकाळपासून लाइट नाहीत ना गं?"

"कोण म्हणालं?"

"बातम्यांत दाखवतायत. तिचा सगळा भाग बंद आहे. कुठलासा मोठा ट्रान्सफॉर्मर जळालाय. तू त्याच शहरात राहतेस आणि मी तुला सांगतोय!" तो हसला.

ती हसली नाही. तिच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिवसभर उघडी असायची, आणि त्या चौकटीत आईचं घर होतं. बैठकीची खोली, झोपायची खोली, न्हाणीघर, स्वयंपाकघर, असे चार चौकोन. स्वयंपाकघराच्या चौकोनात पिवळा दिवा जळत होता, दिव्याखाली आईची बोटभर आकृती होती, आणि तिच्याखाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, घरात हालचाल आहे, सगळं ठीक. लाइट नसलेल्या घरात दिवा जळत होता. भाऊ दातांच्या डॉक्टरबद्दल पुढे बोलत होता. तिला आवाज ऐकू येत होता, शब्द नाहीत. तिने आठवून पाहिलं. सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिने चौकट पाहिली होती, तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. मीटिंगला जाण्याआधी पाहिली होती, तेव्हाही स्वयंपाकघरात. आत्ता डबा उघडून पहिला घास तोंडात घालताना पाहिली होती, आणि आई स्वयंपाकघरात आहे हे बघून तिला बरं वाटलं होतं, भाजीसुद्धा चांगली लागली होती. एकटी राहणारी म्हातारी बाई सकाळपासून दुपारपर्यंत स्वयंपाकघरात उभी राहून काय करत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. "ठेवते रे," ती म्हणाली आणि भावाचं वाक्य अर्धंच तोडून तिने फोन ठेवला.

ती चौकट म्हणजे तिच्याच कंपनीचं पान होतं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी कंपनीची माणसं जाऊन दारांना, दिव्यांना, भिंतींना छोट्या डब्या चिकटवून येत. माणूस उठला, दार उघडलं, नळ सोडला, की डबी तेवढी बातमी पाठवायची, आणि दूर कुठेतरी कामावर बसलेल्या मुलाला किंवा मुलीला फोनवर दिसायचं की आपलं माणूस आहे, हलतंय. ही मुलं दिवसातून कितीदा तरी ते पान उघडायची. दर वेळी थेट घराला विचारत बसलं असतं तर सगळंच मंदावलं असतं. म्हणून आलेल्या बातमीची एक प्रत सर्व्हरवर हाताशी ठेवलेली असायची. पुस्तकी भाषेत तिला कॅश म्हणतात. ऑफिसात सगळे फडताळ म्हणत. फडताळातल्या प्रत्येक प्रतीला मुदत असायची. मुदत संपली की प्रत शिळी. ती टाकायची, घराला नव्याने विचारायचं, ताजी बातमी आणून तिच्या जागी ठेवायची. इतकं सरळ. पण घराने उत्तरच दिलं नाही तर? पहिल्या काळात अशा वेळी पान कोरं दिसायचं, आणि कोरं पान बघून माणसं वेडीपिशी व्हायची. कोणी पोलिसांना बोलावलं, कोणी मिळेल त्या विमानाने येऊन थडकलं, आणि इकडे म्हातारे मजेत टीव्ही बघतायत, इंटरनेट तेवढं बंद. मग साहेबांनी सांगितलं, कोरं पान दाखवायचं नाही. उत्तर आलं नाही तर शिळी प्रतच दाखवा, तिची मुदत थोडी वाढवा, आणि पुन्हा विचारा. ते काम तिच्याकडे आलं. "पण कुठवर वाढवत राहायची?" तिने विचारलं होतं. "उत्तर येईपर्यंत," साहेब म्हणाले होते, आणि सगळे हसले होते, तीही हसली होती, कारण उत्तर यायचंच. थोड्या वेळाने का होईना, यायचं. खालची हिरवी ओळसुद्धा तिनेच लिहिली होती. लोकांना ती आवडली. एका गिऱ्हाइकाने तर कळवलं होतं की झोपण्याआधी ही ओळ वाचली की डोळा लागतो.

आईचा फोन लागत नव्हता. वाजतोय आणि उचलत नाही असंही नव्हतं, लागतच नव्हता. आधी एक मुकी पोकळी आणि मग टुक टुक टुक. लाइट नाहीत म्हणजे फोनचा टॉवरही बंद असणार, तिने स्वतःला समजावलं, अगदी ऑफिसातल्या आवाजात, दुसऱ्या कुणाची तक्रार असल्यासारखं. आईला हे डब्यांचं प्रकरण मुळात पटलंच नव्हतं. आईचा सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला होता, कानाला यंत्र, समोर भोकांची पाटी, हातात तारा. माणसाच्या नुसत्या 'हॅलो'वरून त्याच्या अंगात ताप आहे की तो भांडून आलाय हे आई सांगायची. डब्या लावायला माणसं आली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती. "आवाज ऐकल्याशिवाय मी बरी आहे हे तुला कसं गं कळणार?" "कळतं आई, सगळं कळतं त्यात." "म्हणजे फोन करणार नाहीस, असं म्हण की." "करीन गं, रोज करीन." आणि केलाही होता, सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड. आता शेवटचा कधी केला ते आठवेना. आई दिवसभर कोपऱ्यात असायचीच. या खोलीतून त्या खोलीत जायची, दिवे लावायची, घालवायची. इतकी समोर असायची की तिच्याशी बोलायचं राहून गेलंय हे लक्षातच येत नसे.

शाळेत असताना ती घरी आली की दाराला आतून कडी लावायची आणि एक्स्चेंजला फोन करायची. आईशी बोलायला मिळायचं नाही, कामावर तशी परवानगी नव्हती. पण आईबरोबरची जी कोणी मावशी फोन घ्यायची ती म्हणायची, "आहे गं राणी, ही बघ माझ्या शेजारी बसलीये, कामात आहे." तेवढं पुरे व्हायचं. मग घर मोठं वाटायचं नाही, गणितं सुटायची. एकदा दिवेलागण झाली तरी आई आली नाही. तिने पुन्हा फोन केला. "आहे, आहे, कामात आहे." आणखी थोड्या वेळाने पुन्हा. "बसलीये की इथे, काळजी करू नको." ती रंगपेटी काढून चित्र काढत बसली, गुणगुणतसुद्धा होती. आई दुपारीच खुर्चीवरून कोसळली होती, तिला दवाखान्यात नेलं होतं, आणि भावाच्या आधीचं एक मूल त्या दिवशी गेलं होतं, हे तिला नंतर कळलं. मावशी खोटं बोलली असं कोणीच म्हणालं नाही. लेकरू घाबरू नये म्हणून बिचारीने सांभाळून घेतलं, असंच सगळे म्हणाले, आणि ते खरंही होतं. पण त्या संध्याकाळचं एकच तिच्या अंगात राहिलं होतं. आई तिकडे रक्तात पडलेली असताना आपण गुणगुणत होतो. आपल्याला भीती वाटायला हवी होती तेव्हा नेमकी वाटली नाही. तेव्हापासून सगळं बरं चाललेलं असताना तिला अधूनमधून उगीच दचकायला व्हायचं. नवरा म्हणायचा, तुला सुख बोचतं. आणि आज तिला दचकायलासुद्धा झालं नव्हतं. तिने भाजीपोळी खाऊन डबा स्वच्छ धुऊन ठेवला होता.

तिने पर्स खांद्याला लावली. निघण्याआधी आईची शेवटची खरी बातमी कधीची आहे ते बघावं म्हणून तिने फडताळ उघडलं, आणि एका आईला शोधायला गेली तर तो सगळा भागच समोर आला. ओळींखाली ओळी. प्रत्येक घराची मुदत पुन्हा पुन्हा वाढवलेली, वरून ताजी, ठणठणीत. आणि प्रत्येकाची बातमी सकाळच्या त्याच एका क्षणाची, लाइट गेले त्या क्षणाची. कोणी पलंगावर. कोणी खिडकीजवळच्या खुर्चीत. कोणाचं दार अर्धं उघडं, बाहेर पडताना की आत येताना ते कळायला मार्ग नाही. एक बाई सकाळपासून न्हाणीघरात होती आणि तिचा नळ सकाळपासून वाहत होता. अख्खी वस्ती श्वास रोखून जागच्या जागी थिजली होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी हिरवं, हिरवं, हिरवं. त्यांची मुलं कुठे कुठे ऑफिसांत, दुकानांत, बँकांत बसून ते हिरवं बघत होती, आणि डबे खात होती. तिने पर्स खाली ठेवली. आईकडे धावावं असं पायांना वाटत होतं. हात मात्र कळफलकावर गेले. ती न्हाणीघरातली बाई डोळ्यांपुढून हलत नव्हती.

बदल छोटाच होता. ठरावीक वेळेपेक्षा जुनी झालेली प्रत कितीही मुदत वाढवली तरी हिरवी दिसता कामा नये. दिवा विझवायचा, आकृती काढून टाकायची, घर करडं करायचं आणि खाली लिहायचं. खाली काय लिहायचं? तिने 'तांत्रिक अडचण' लिहिलं आणि पुसलं. 'कृपया थोड्या वेळाने पाहा' लिहिलं, तेही पुसलं. मग लिहिलं, या घराकडून सकाळपासून बातमी नाही. तिथे काय चाललंय ते आम्हाला माहीत नाही. पण एकटीने बदल चढवता येत नसे, दुसऱ्या कोणीतरी वाचून होकार द्यावा लागे. शेजारच्या टेबलावर तो होता, ज्याला सगळे नुसतं 'दाढी' म्हणत, कंपनीतला सगळ्यात भित्रा माणूस आणि म्हणूनच सगळ्यात बारकाईने वाचणारा.

"साहेबांना विचारलंस?" त्याने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

"बाहेर आहेत. फोन घेत नाहीत."

"मग थांबू या ना जरा. अगं, तो सगळा भाग एकदम करडा होईल. लोक घाबरतील."

"घाबरू देत."

"घाबरू देत काय? निम्म्यांची माणसं खुशाल असतील घरी."

"आणि उरलेल्या निम्म्यांची?"

दाढीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर घाम होता, खोलीत तर एसी चालू होता. "तुझी आई त्याच भागात राहते ना गं?"

"हो."

"काय दाखवतंय?"

"सगळं ठीक."

त्याने दाढी खाजवली, पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तो वाचत असताना तिला ओरडावंसं वाटत होतं, आणि नीट वाचतोय म्हणून त्याच्या पाया पडावंसंही वाटत होतं. शेवटी त्याने बटण दाबलं आणि हात विस्तवावरून काढावा तसा मागे घेतला. "पळ तू," तो म्हणाला. "इथलं मी बघतो. म्हणजे, बघीन काहीतरी." कोपऱ्यातली चौकट करडी झाली. दिवा गेला, आई गेली. तिला वाटलं होतं, खोटं गेल्यावर थोडं मोकळं वाटेल. पण आपणच लिहिलेलं वाक्य आता आपल्याला वाचावं लागत होतं, आणि त्या रिकाम्या चौकोनात काहीही असू शकत होतं.

टॅक्सी अर्ध्या वाटेवर अडकली. सिग्नल बंद होते, चौकात गाड्या एकमेकींच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या. ती उतरून चालू लागली, मग पळू लागली, मग धाप लागून पुन्हा चालू लागली. वीज गेलेल्या भागात शिरल्याचं आधी कानांना कळलं. दुकानादुकानाबाहेर जनरेटर मांडले होते आणि त्यांची एकसारखी घरघर हवेत इतकी दाटली होती की माणसं ओठ हलवतायत आणि आवाज मात्र येत नाही असं वाटत होतं. आणि माणसं पळत होती. सगळी नाहीत, पण मधूनच एखादी बाई ऑफिसच्या कपड्यांत, हातात चपला घेऊन, एखादा माणूस गाडी रस्त्यातच सोडून, फोन समोर धरून. एका वळणावर एक तरुण पोरगी लागत नसलेल्या फोनमध्ये ओरडत होती, "करडं झालंय! आजीचं करडं झालंय!" ती तिच्या अगदी जवळून गेली. त्या पोरीच्या चेहऱ्यावरची भीती आपण पाठवली आहे, हे तिला कळत होतं. थांबून काही सांगावं असं वाटलं. पण काय सांगणार? घाबरू नका म्हणायची तिची हिंमत नव्हती.

आईच्या इमारतीत पहारेकऱ्याची खुर्ची रिकामी होती. टाय सैल केलेला एक जाडजूड माणूस लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता.

"लाइट नाहीत," ती म्हणाली.

"हां. हो. नाहीत." तो भानावर आला आणि तिच्या मागून जिना चढू लागला. "तुमचं कोण?"

"आई. तिसऱ्या मजल्यावर."

"माझे वडील. तिसराच. मग तुम्ही त्यांच्या समोरच्या..." आईच्या समोरच्या दारात राहणाऱ्या काकांचा हा मुलगा. आई त्याच्याबद्दल बोलायची. काकांचं खोकणं, काकांचा तापट स्वभाव, काकांनी तिला सांभाळायला दिलेली जास्तीची किल्ली, आणि कधी न येणारा हा मुलगा. तो धापा टाकत बोलत होता, बोलणं थांबलं तर पाय थांबतील म्हणून बोलत असावा. "सकाळपासून झोपलेत असं दाखवत होतं. म्हटलं, झोपू दे, रात्रभर खोकत असतात. आणि मग एकदम हे. आम्हाला माहीत नाही! असं लिहितात का हो? तुम्हाला माहीत नाही तर मग कोणाला माहीत असणार?" ती कठड्याला धरून वर बघत राहिली. जिना कधी एवढा लांब नव्हता.

आईचं दार उघडं होतं. सताड नाही, हातभर. तिने हाक मारली आणि तिला स्वतःचाच आवाज लहान मुलीचा वाटला. आत पडदे ओढलेले होते. बैठकीत कोणी नव्हतं. झोपायच्या खोलीत पलंग नीट आवरलेला, उशीवर चष्म्याचं घर. उरलं स्वयंपाकघर. सकाळपासून ती ज्या चौकोनाकडे बघत होती तो आता चार पावलांवर होता, आणि पावलं पडत नव्हती. आत जायचं नाही, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं. आत गेलं नाही तर आई अजून तिथे असू शकते, विळीपाशी बसलेली, रागावलेली, काहीही. दारापर्यंत जायला लागलेल्या वेळात तिने फरशीवर पडलेल्या आईला इतक्या प्रकारांनी पाहिलं की प्रत्यक्षात रिकामी फरशी दिसली तेव्हा ती काय आहे हेच तिला क्षणभर कळेना. ओट्यावर फरसबी अर्धी चिरून ठेवलेली होती, कडा सुकून पांढुरक्या पडलेल्या. सुरी तिथेच. चपलांचा जोड दाराशीच, म्हणजे आई अनवाणी गेली होती. कुठे? इतक्यात बाहेरून त्या माणसाची हाक आली. हाक कसली, किंचाळीच. "बाबा!"

समोरच्या घरात काका जमिनीवर उताणे पडले होते. शेजारी एक स्टूल आडवं झालेलं, वर फ्यूजची पेटी उघडी. त्यांचा एक पाय कमरेपासून असा वळला होता की त्याच्याकडे बघवत नव्हतं. आणि त्यांच्या डोक्याशी, भिंतीला टेकून, काकांचं डोकं मांडीवर घेऊन आई बसली होती. आईच्या हातात ओला फडका होता, ती त्यांच्या ओठांना तो लावत होती. काकांचे डोळे उघडे होते. ते बघत होते. मुलगा गुडघ्यांवर कोसळला, त्यांचा हात हातात घेऊन नुसता बाबा बाबा करत राहिला. ती आईजवळ बसली. "आई." आईने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला तेव्हा कागद फाटावा तसा आवाज आला. आईचा आवाज गेला होता.

हळूहळू, खुणा आणि कुजबुज करत आईने सांगितलं. लाइट गेले तसे काका फ्यूज बघायला स्टुलावर चढले. धाडकन आवाज आला तशी ती फरसबी टाकून किल्ली घेऊन आली. फोन लागेना. त्यांना उचलायला जावं तर ते किंचाळायचे. ती मदतीला म्हणून जिन्याने एक मजला उतरली, दारं वाजवली, दिवसाउजेडी सगळे कामावर. गुडघे वळेनात, आणि वरून काकांच्या ओरडण्याचा आवाज येत होता, म्हणून तशीच परत चढली. मग खिडकीतून हाका मारल्या. मारतच राहिली. खाली जनरेटर लावलेले. लोक खालून जात होते, एकाने तर वर पाहिलंही. त्याला वाटलं असेल, म्हातारी पाखरं हाकलतेय. मग नुसती बोलत बसली काकांशी, झोपू नका म्हणून. एक्स्चेंजच्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या. त्याही संपल्या, आणि मग आवाजच संपला.

"तुला कसं कळलं?" आईने शेवटी तिच्या कानाशी तोंड आणून विचारलं.

"कळलं नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून आले."

काकांचा मुलगा खाली धावला, जिथे फोन लागेल तिथपर्यंत पळत गेला आणि रुग्णवाहिकेची माणसं घेऊन आला. त्यांनी काकांना फळीवर बांधलं. दारातून वळवताना काका आईकडे बघून काहीतरी म्हणाले. शिवी असावी, कारण आई हसली. फळीचं मागचं टोक अजून उंबऱ्यातच असताना डोक्यावरचा दिवा फडफडून लागला. पंखा फिरू लागला. खालची घरघर एकेक करत बंद पडत गेली, आणि त्या जागी जी शांतता आली ती जास्तच भयाण होती. मुलाच्या खिशात फोन वाजला. त्याने एका हाताने फळीची कड धरून दुसऱ्या हाताने तो काढला, वाचला, आणि तिच्यासमोर धरला. "बघा," तो म्हणाला. त्याला हसू येत होतं की रडू ते त्यालाही कळत नसावं. "आता ठीक म्हणतंय." हिरव्या अक्षरांत तिचीच ओळ होती. घरात हालचाल आहे, सगळं ठीक. काकांच्या बैठकीत ती आणि आई अजून उभ्या होत्या. डब्यांना हालचाल दिसली होती. बातमी ताजी होती, अगदी आत्ताची.

मग तिचा फोन वाजला. साहेब होते. "केव्हाचा लावतोय! इथे फोन थांबत नाहीयेत. कोणाला विचारून केलंस? आधी ते पहिल्यासारखं कर."

"साहेब, मी आईच्या घरी आहे. समोरच्या घरात एक जण सकाळपासून पाय मोडून पडला होता. आपल्या यादीतलंच घर."

पलीकडे कोणीतरी कोणाला तरी गप्प बसायला सांगितलं. "त्यांचं काय दाखवत होतं?"

"झोपलेत म्हणून."

साहेबांची आईसुद्धा गावी एकटी राहायची हे तिला माहीत होतं. "राहू दे ते करडं," ते म्हणाले. "आणि ते 'ठीक' आहे ना, त्याचंही बघू. उद्या ये लवकर." ती न्हाणीघरातल्या बाईबद्दल विचारणार होती, पण तोवर फोन ठेवलेला होता. त्या बाईचं काय झालं ते तिला दाढीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाई शेजारणीकडे पत्ते खेळत होती; नळ सोडून निघून गेली होती आणि घरभर पाणी झालं होतं. काकांचंही त्याच दिवशी कळलं, खुब्याचं ऑपरेशन झालं, वाचतील, आणि आवाज परत आला की आईने फोन करावा असा त्यांचा निरोप आला. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी ती रिकाम्या बैठकीत उभी होती, हातात बंद झालेला फोन होता, आणि भीती गेली नव्हती. आई सापडली होती, धडधाकट होती, तरी गेली नव्हती. उलट आता तिला नीट बघायला मोकळीक मिळाल्यासारखी ती आईच्या अंगावरून फिरत होती, पायांवरच्या निळ्या शिरा, मानेची सैल कातडी, पदराआड लपवलेला हाताचा कंप. हे सगळं कधीपासून असं आहे?

"चल, घरात चल," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

आई जागची हलली नाही. समोरच्या आपल्याच दाराकडे बघत राहिली, परक्याच्या घराकडे बघावं तशी. जावयाच्या घरी चार दिवससुद्धा न राहणारी, दरवेळी "माझं घर आहे मला" म्हणून दुपारच्या आत पिशवी भरणारी ही बाई. तिने लेकीचा दंड धरला आणि जवळ ओढून कुजबुजली, "इथे नको. मला घेऊन चल."

"आत्ता? बरं. कपडे घेऊ का दोन?"

आईने नको म्हणून मान हलवली. चपला मात्र मुलीने आणल्या आणि वाकून तिच्या पायांत घातल्या. दार ओढून घेतलं. लिफ्ट वर येऊन थांबली होती, आतला दिवा लागलेला. आईने तिकडे पाहिलं आणि मागे सरली. "नको त्यात." मग जिनाच उरला. आईने एक हात कठड्यावर ठेवला, दुसरा लेकीच्या खांद्यावर. तो हात इतका हलका होता की ती धास्तावली. आईचा हात जड असायचा, पाठीत बसला तर दिवसभर आठवायचा. पहिली पायरी उतरून आई थांबली. श्वास घेतला. काहीतरी म्हणाली.

"काय?"

तिने कान आईच्या तोंडापाशी नेला.

"पुढे पुढे जाऊ नकोस," आई म्हणाली.

"नाही गं. ही काय मी."

ती एक पायरी खाली उतरली आणि वळली. आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन, आईकडे तोंड करून, ती उलटी उतरू लागली. मागची पायरी दिसत नव्हती. टाच टेकवून, चाचपून, मगच ती पाय ठेवत होती. तोल गेला असता तर दोघीही गेल्या असत्या. तरीही आईच्या तोंडावरची नजर काढून एकदा तरी मागे बघावं, हे तिच्याने होईना.